शाखा कोणती?

वाईच्या नरहरशास्त्र्यांनी बारा वर्षं खपून सुधारलेली पोथी उद्या छापायला जायची होती. पोथीचा सगळा इतिहास, कुठला काना कधी खोडला इथपर्यंत, सुनेने संगणकाच्या भांडारात जपलेला. जुना प्रोग्राम बिघडला म्हणून शास्त्रीबुवा ते भांडार स्वतःच नव्या प्रोग्रामला जोडायला बसले, तर त्याने विचारलं, ‘शाखा कोणती?’

वेदाची शाखा विचारतात ती लग्न ठरवताना; यंत्र सोयरीक जुळवायला निघालंय की काय, बुवांना कळेना. तरी पोथीला हात लावण्याआधी चौकशी केलेली त्यांना आवडली. त्यांनी ताठ बसून लिहिलं, ‘ऋग्वेद, शाकल.’

‘ही शाखा अस्तित्वात नाही. नवीन, कोरी तयार करू?’

पोथी गेली की वेद, हेच बुवांना उमजेना. त्यांनी पुण्याला सुनेला फोन लावला.

“अहो बाबा, शाखा म्हणजे पोथीची चालू प्रत! यादीतली ‘मुख्य’ निवडा.”

निवडली. पोथी कानामात्रेसकट उघडली.

“‘नवीन तयार करा’ दाबलं नाहीत ना? कोरी पोथी छापून आली असती.”

“छे गं! नवी शाखा काढायला ऋषी लागतो. मी आपला साधा भिक्षुक.”