विचारपूस

कुमुदच्या फोनवर सरकारची नजर होती. ती रोज साताऱ्याला आईशी मराठीत बोलायची, म्हणून दिल्लीच्या ऑफिसात ते फोन ऐकायचं काम सूर्यकांतकडे आलं. मायलेकींचं बोलणं ऐकायचं आणि संशय घेण्याजोगं काही आढळलं तर लिहून द्यायचं. दोन महिन्यांत तसं काही सापडलं नाही, पण त्या माउलीच्या मोतीबिंदूचा मात्र त्याच्या जिवाला घोर लागून राहिला. नेमका ऑपरेशनच्या आठवड्यात तो रजेवर होता.

दिल्लीतल्याच मयूर विहारच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत पुढच्या बाईचा आवाज त्याच्या कानावर पडला आणि त्यानं तो लगेच ओळखला. त्याला राहवलं नाही.

"ताई, आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना?"

"बिल्कुल. आता पेपरसुद्धा वाचते," ती हसून म्हणाली. मग तिचं हसू विरलं. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथंच कुणीतरी बोलत होतं."

"इथं मी कुणालाच सांगितलेलं नाही."

प्रसाद न घेताच ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. कुमुद नुसती हो-नाही करत होती.

"अगं, मनात काय आहे ते बोल की."

"फोनवर नको, आई."

आई हसली. "का गं? आपल्या दोघींत तिसरं कोण आहे?"

सूर्यकांतनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. रेकॉर्डिंग चालूच राहिलं.