निम्म्या निम्म्या

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या, जुन्या साध्या रीतीनं राहणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत दोन जावांच्या मुलांना घराण्यातून आलेला एकच आजार होता: अंगात रक्त टिकायचं नाही. डॉक्टरीणबाई नवं औषध तपासून बघत होत्या. काही मुलांना खऱ्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पिठाच्या. कुणाला कुठल्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण धाकट्या मालिंडाच्या एनोसच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, तो बग्गीमागे धावायला लागला. थोरल्या सुविलाची कोरा मात्र तशीच निपचित पडून.

"आपल्यात कुणाचा गोठा जळाला, तर अख्खी वस्ती मिळून नवा उभारते," सुविला डोळे पुसत म्हणाली. "मग हे औषध एकट्या एनोसनं कसं खायचं गं? आण ती बाटली. दोन्हीतल्या गोळ्या मिसळून निम्म्या निम्म्या भरून देते."

मालिंडानं लगेच बाटली दिली. एनोस पुन्हा पिवळा पडत गेला, तरी कोराचे लाल गाल बघून ती देवाचे आभारच मानायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "मागच्या वेळी एनोसच्या रक्तात औषध सापडलं होतं, आता कणही नाही. गोळ्या बंद केल्यात का?"

खोटं बोलणं मालिंडाला जमणारं नव्हतं. "नाही हो. आम्ही दोघींनी निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या."

"निम्म्या? मग कोराच्या रक्तात औषध पुरेपूर कसं?"



शेजारी बसलेल्या सुविलानं कोराच्या टोपीचा बांधलेला बंद सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला.