महालक्ष्मीचं तोंड

दोन्ही महालक्ष्म्यांना साड्या नेसवून झाल्या होत्या. फक्त तोंडं बसवायची बाकी होती. पत्र्याच्या कोठ्यांवर पदर, मंगळसूत्र, हार सगळं होतं आणि वर काहीच नव्हतं.

आशाबाई टोपलं घेऊन दारात आली. ओट्यावर टेकली. जुन्या लुगड्याची गाठ सोडली आणि आतले मुखवटे बाहेर काढले.

कौशल्याबाई हातातली कामं टाकून आल्या. मुखवटे घरचेच, त्यांच्या सासूच्या वेळचे. श्रावणात ते रंगवायला भागवतकडे जायचे. भागवत म्हणजे आशाबाईचा नवरा. अख्ख्या लोणारात त्याच्यासारखे डोळे कोणाला जमत नव्हते. कुठंही बसा, देवी तुमच्याकडेच बघणार. आणि रागावलेली नसणार.

"माय माय," कौशल्याबाई म्हणाल्या. "यंदा तं आता बोलते का मंग बोलते असं वाटून राह्यलं."

त्यांच्या सुनेनं, शरयूनंही पाहिलं. खरं तर तिला पाहायचं नव्हतं. पण मोठ्या महालक्ष्मीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. आलेलं नाही, येऊ घातलेलं. वाटलं, रोज शाळेत शिकवायला जायच्या आधी दोन मिनिटं या तोंडासमोर नुसतं बसावं. मग तिला स्वतःचाच राग आला.

"आई, हे नाही बसवायचे. मी मेहकरवरून दुसरे आणले."

"काऊन?"

"तुम्हाले माहीत आहे काऊन."

माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. गेल्या आठवड्यात बस स्टँडवर भागवतनं आशाबाईला मारलं होतं. मेहकरची बस उभी होती, खिडक्यांतून माणसं बघत होती. शरयू मधे पडली. शाळेतल्या चार पोरी तिच्या मागंच होत्या. तो दम खात म्हणाला, "बाजूले व्हा मॅडम, घरचं आहे हे." आणि पुन्हा हात उचलला.

कौशल्याबाईंनी मेहकरचे मुखवटे पाहिले होते. गुलाबी, गुळगुळीत, बाहुलीसारखे. रात्रीपासून त्या त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

"त्याचा हात वंगाळ, कबूल आहे," त्या म्हणाल्या. "पण तोंड तं आपल्या देवीचं आहे न. तिनं काय केलं?"

"त्याच हातानं रंगवलं ना ते. मी उद्या पुरणाचं ताट पुढं ठेवीन आन मले तो हातच दिसन."

"तुले एवढं आवडलं तरी?"

शरयूनं मुखवट्याकडं पाठ केली. आवडलं होतं, तेच तर दुखत होतं.

आशाबाई टोपल्यातलं सांडलेलं गवत गोळा करत होती. आपल्याबद्दल चाललंच नाही अशी. शरयू तिच्याजवळ जाऊन बसली.

"आशाताई, तुमच्यावर राग नाही. पण आम्ही बायकांनी ठरवलं. पुढल्या वर्षीपासून आपल्या गल्लीतलं एक बी घर त्याच्याकडं रंगवायले देणार नाही. नीरजाताई तयार आहे, वैष्णवी आहे. काम बंद झालं का येईन ताळ्यावर."

आशाबाईचा हात थांबला.

"सगळ्याच?"

"हाव. सगळ्याच."

शरयूला वाटलं होतं ती रडेल. निदान हात तरी हातात घेईल.

"असं नका करू मॅडम."

"तुम्ही अजून त्याचीच बाजू घेऊन राह्यल्या?"

"त्याची कायले घेऊ? मरो तो." आवाज अगदी सपाट होता. तिनं मोठीचा मुखवटा उचलून मांडीवर घेतला, पोराला घेतात तसा. "हे कोणाचं तोंड आहे, पाह्यलं का तुम्ही?"

कौशल्याबाई वाकल्या. आधी मुखवट्याकडं, मग आशाबाईकडं पाहिलं. माती जुनीच होती. पण भुवया, ओठ, ते डोळे. इतकी वर्षं हळदीकुंकू लावलं होतं त्या तोंडाला. त्या हळूच खाली पाटावर बसल्या.

"मले समोर बसवूनच काढते तो," आशाबाई म्हणाली. "आपल्या मनानं डोळे उतरतच नाही त्याच्या हातून. राखी झाली का बसवते ते महालक्ष्म्यापर्यंत. तेवढ्या दिवसात तोंडाले हात लावत नाही. पाठीत मारते, तोंडाले नाही. तोंड सुजलं तं रंगवन काय?"



"आन हे हसणं?" शरयूनं विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

"तो म्हणते, हस. मंग हसतो मी."

बाहेरून कोणीतरी गेलं, सायकलची घंटी वाजली. शरयूनं तिच्या मांडीवरून मुखवटा घेतला. दोन्ही हातांनी. कुठं ठेवावा ते तिला कळेना, तशीच धरून उभी राहिली.

आशाबाईनं रिकामं टोपलं काखेत घेतलं. दारापाशी जाऊन थांबली.

"दिवाळीच्या लक्ष्म्या बी चांगल्या रंगवते तो," ती म्हणाली. "तुमच्या शाळेतल्या बाया आहेत, त्याहिले सांगान का? चार घरं भेटले तं दिवाळीपर्यंत तोंडाचं तरी निभून जाईन."

"आन दिवाळीनंतर?"

आशाबाईनं खरंच विचार केला. घरात काय संपलंय ते आठवताना करतात तसा.

"संक्रांतीले काही रंगवतेत का हो मॅडम, कोणी?"