हँडशेक

शाळा सोडली तेव्हा पप्पांनी सांगितलं होतं, हे काम गेलं तर गपचूप परत दहावीला बसायचं. म्हणून बिबवेवाडीच्या या कोंदट ऑफिसात मी सर्व्हर सांभाळतो. बाहेरचा कॉम्प्युटर जोडला जाताना आमचा प्रोग्राम आधी त्याच्याशी हँडशेक करतो, म्हणजे दोघांपुरती गुप्त किल्ली ठरवतो. मग सगळं बोलणं कुलूपबंद. पलीकडे नक्की कोण आहे, ते आम्हालाही दिसत नाही.

सोमवारपासून प्रत्येक हँडशेकला माझा उजवा तळहात ओला होतोय. घाम नाही. कोमट, बुळबुळीत, कुणी नाक शिंकरून तोच हात माझ्या हातात द्यावा तसा. वास आंबलेल्या वरणाचा.

मालकाला, सौमित्रदादाला सांगितलं, तर म्हणाला, "कामचुकारपणाला नवीन नाव सापडलं का? साबण आहे तिकडे."

आज दुपारी माझी बहीण अपेक्षाताई डबा घेऊन आली. तिला सांगितलं, तर ती हसतच सुटली.

"किळसवाणा आहेस. जा, हात धू. तोवर मी बसते इथे."

"ताई, कीबोर्डला हात लावू नकोस."

"स्वतःच्याच प्रोग्रामला घाबरतोस होय रे?"

माझं डोकंच फिरलं. तरातरा कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेलो. कितीही साबण चोळला तरी बोटांमधून तार सुटतच होती. मागे नवीन कनेक्शन आल्याचं टिंग वाजलं.

ताईचं हसू थांबलं.

"शी," ती म्हणाली. "पटलं रे बाबा. आता सोड माझा हात."

माझे दोन्ही हात नळाखाली होते.