पाण्यात उतरण्याआधी

"बाही वर कर गं, चिमणे. दादा सांगतोय ना?"

चिमणीने केली नाही. शेवटी भावानेच तिची बाही खांद्यापर्यंत सरकवली. दंडावर चार काळेनिळे वळ ओळीने उमटले होते. अध्यक्षबाईंच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

चिमणी एकतीस वर्षांची. पण समज पाच वर्षांच्या पोरीची आणि बोलणं मोजून चार-सहा शब्दांचं. आईवडील गेल्यापासून ती भावाकडे होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिला या छोट्याशा क्लबात पोहायला आणून सोडायचा. तिच्यासारखे पंधरा जण इथे यायचे.

"काल डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं म्हणून," भाऊ म्हणाला. "काय सांगायचं मी? विश्वासानं सोडतो हो इथं. कपडे बदलायला तुमची ती शिकवणारीच नेते ना आत?"

"तीच नेते."

"मग हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नोकरीत असताना त्यांनी अख्खी कचेरी धाकात ठेवली होती. निवृत्त झाल्यावर हा क्लब पोटच्या पोरासारखा वाढवला. इथल्या माणसांना जपण्याची जबाबदारी तर त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलीच नव्हती, स्वतःकडे ठेवली होती. आणि त्यांच्याच डोळ्यांदेखत कुंपण शेत खात होतं!

शिकवणारीला बोलावणं गेलं. ती ओल्या पायांनी, गळ्यात शिट्टी तशीच घेऊन आली. भाऊ झटक्यात वळला तशी चिमणी दोन्ही हात डोक्यावर धरून खुर्चीत आक्रसली.

"बघ, काय अवस्था झालीय पोरीची," बाई म्हणाल्या.

शिकवणारीने आधी चिमणीकडे पाहिलं, मग भावाकडे. "मॅडम, मला तुमच्या एकटीशी बोलायचंय."

"का? बहीण यांची आहे. यांच्यासमोर बोल."

"यांच्यासमोर नको."

"आता का दातखीळ बसली?" भाऊ उसळला. "मुक्या जनावरावर हात उचलताना बरा उचलला!"

"तिला जनावर म्हणू नका," ती हळूच म्हणाली.

"चोराच्या उलट्या बोंबा! ऐकताय ना, बाई?"

"ऐकतेय." बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "आजपासून तू इथं पाय ठेवायचा नाहीस. दुसऱ्या कुठल्या क्लबात तुला कुणी दारात उभं करणार नाही, तेही मी बघते."

"हवं तर काढा मला, मॅडम. पण आधी वही बघा."

"बघाच वही!" भावाने टेबलावर हात आपटला. "कुणाला कुठं लागलं ते लिहायची वही असते ना इथं? वाचा मोठ्यानं. हे वळ वहीत नसले, तर हिनं लपवलं म्हणून समजा."

"मोठ्यानं नको," शिकवणारी म्हणाली. "मनात वाचा. पाया पडते."

तेवढं बाईंना पुरे झालं. त्यांनी कपाटातून वही काढली, चष्मा चढवला आणि मुद्दाम खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"मंगळवार. पाण्यात उतरण्याआधी पाहिलं. डाव्या दंडावर चार वळ. कुणी केलं असं विचारल्यावर म्हणाली..."

बाई थांबल्या.

"काय म्हणाली?" भावाने दरडावलं.

"दादा," चिमणी म्हणाली. हात अजून डोक्यावरच होते.

बाईंनी मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. पाठीवर पट्ट्याचा वळ. मनगट सुजलेलं. कानामागे सुकलेलं रक्त. प्रत्येक नोंद पाण्यात उतरण्याआधीची आणि प्रत्येकीत तोच एक शब्द. अकरा पानं. अकरा आठवडे.

"तिला काय कळतंय! येड्यांच्या बोलण्यावर जाता?" भाऊ चिमणीचं मनगट धरून उठला. शिकवणारी दार अडवून उभी राहिली.

बाईंचा संताप आता कुणावर जाऊन पडावा ते त्यांनाच कळेना. तो सवयीने खालच्या माणसावरच पडला.

"अकरा आठवडे!" त्या शिकवणारीवर ओरडल्या. "अकरा आठवडे पोर मार खात होती आणि तू नुसती लिहीत बसलीस? तुझ्या वरच्यांना सांगायचं कुणी?"

शिकवणारी दारातून हलली नाही. "पानाच्या खाली बघा, मॅडम," ती म्हणाली.

बाईंनी पाहिलं. प्रत्येक पानाच्या तळाशी हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'वाचले. योग्य ती कार्यवाही केली.' आणि त्याखाली, अकराच्या अकरा वेळा, त्यांचीच सही होती.