पिनियनचं सील

नव्या वर्षाच्या सणाला जार्गल उलानबातरहून माळरानावर आईबाबांकडे आला, तर बाबांच्या जुन्या रशियन व्हॅनखाली बर्फावर तेलाचा काळा डाग पडलेला. मागच्या ॲक्सलमधलं तेल अडवणारं रबरी कडं, पिनियन सील, गळत होतं. सणाचा चहा तसाच ठेवून तो गाडीखाली शिरला.

"बाबा, अहो गिअर जळाले असते, मग बसला असतात उंटावर!"

"उंट तेल तरी गाळत नाही," म्हणत गोंबोबाबांनी पान्याऐवजी हातोडी पुढे केली.

"पाना मागितला मी! म्हातारे झालात हं."

शाफ्ट सोडवून त्याने झिजलेलं सील काढलं, नवीन हलक्या हाताने ठोकून बसवलं आणि तेल भरलं. दुसऱ्या दिवशी गाडीखालचा बर्फ पांढराशुभ्र होता. जार्गल समाधानाने शहरात परतला.

काही दिवसांनी आईचा फोन आला.

"तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही रे. बाबा हल्ली गाडी घेऊन निघतात आणि घरची वाटच विसरतात. किल्ली लपवली तरी शोधून काढतात. कालही तसेच गेलेत, अजून परतले नाहीत."

"काल? अगं, आजवर कसे सापडायचे मग?"

"माळावर गाड्यांच्या चाकोऱ्या ढीगभर, त्यांची कुठली ते कळत नाही. मी घोड्यावरून तेलाच्या थेंबांमागे जायचे आणि त्यांना घेऊन यायचे. तू इतक्या मायेने गाडी दुरुस्त केलीस, तेव्हा मला बोलवेना."

फोनमध्ये वारा घोंगावत होता; आई माळावरूनच बोलत होती.

"बाळा, कालपासून हिंडतेय. एकही थेंब दिसत नाही रे."