रस्त्याकडची खिडकी

"लाकूड फुगलंय, उघडायची न्हाई ती." लग्न होऊन दिंद्रुडला आल्यापासून गीताबाई रस्त्याकडच्या खिडकीबद्दल हेच ऐकत आली होती. आज सुतारानं रंग खरवडला आणि त्याचा हात थांबला.

"मालक, लाकूड कुठं फुगलंय? खिळे ठोकून वर लांबी भरून रंग मारलाय."

तिचे मालक मोहनराव खाली बघत म्हणाले, "आबांनी ठोकले. घरची सून रस्त्यावरनं दिसू नये म्हणून."

"तुमाला ठावं होतं?"

मोहनराव खाली पडलेले रंगाचे पापुद्रे पायानं बाजूला सारू लागले.

सुतारानं खिळे उपटले आणि पिशवीतून नव्या बिजागऱ्या काढल्या.

"ठिव त्या पिशवीत," गीताबाई म्हणाली. "झडपाच काढून टाक."

"अगं, घरात धूळ येईल!"

"येऊ द्या की. चाळीस वर्सांची यायची राहिलीय."